कामाला लावणारी सुटी

जानेवारीच्या तिसऱ्या सोमवारी अमेरिकेतील बँका, टपालकचेऱ्या आणि बहुतेक शाळा बंद असतात, दुकानांतून सवलतीच्या पाट्या झळकतात, आणि सरकारी दप्तरात जिला डॉ. मार्टिन ल्यूथर किंग ज्युनिअर यांचे नाव आहे ती सुटी अनेकांच्या लेखी लांबलेल्या शनिवार-रविवारापलीकडे काही नसते. तथापि त्याच दिवशी असंख्य माणसे हातमोजे चढवून शाळांच्या भिंती रंगविण्यास, उद्याने झाडण्यास आणि अन्नाची खोकी भरण्यास घराबाहेर पडतात. आणि हा प्रघात निव्वळ सद्भावनेतून रूढ झालेला नसून त्याला कायद्याचे अधिष्ठान आहे.

ती सुटी मुळात सुखासुखी पदरात पडलेली नाही. ४ एप्रिल १९६८ रोजी मेंफिस शहरी किंग यांची हत्या झाली आणि अवघ्या चार दिवसांत प्रतिनिधिगृहाचे सदस्य जॉन कॉनियर्स यांनी कायदेमंडळात या सुटीचे विधेयक मांडले. परंतु १९७९ मध्ये प्रतिनिधिगृहात दोनतृतीयांश बहुमताला पाच मते कमी पडली, आणि अध्यक्ष रेगन यांची सही होण्यास नोव्हेंबर १९८३ उजाडावा लागला. ॲरिझोना राज्याच्या मतदारांनी तर १९९० मध्ये ही सुटी नाकारली, तेव्हा फुटबॉलचा सर्वांत मोठा वार्षिक सामना त्या राज्यातून हलविण्यात आला आणि १९९२ च्या मतदानात त्यांना उपरती झाली. विवेक जागा करण्याच्या कामी तिजोरीला बसलेली झळ पुष्कळदा प्रवचनाहून गुणकारी ठरते.

ही सुटी सेवेच्या कामी लावण्याचा कायदा १९९४ चा. तो पुढे रेटणाऱ्यांपैकी जॉन लुईस हे १९६५ मध्ये मतदानहक्काच्या मोर्चात सेल्माच्या पुलावर पोलिसांच्या लाठीने डोके फुटलेले सत्याग्रही, तर हॅरिस वॉफर्ड हे तरुणपणी हिंदुस्थानात राहून गांधीविचारांचा अभ्यास केलेले गृहस्थ. किंग १९५९ मध्ये आपल्याकडे आले तेव्हा त्या प्रवासाच्या तजविजीत वॉफर्ड यांचा हातभार होता, आणि त्याच प्रवासात मुंबईच्या गावदेवीतील मणिभवनात, जेथे गांधीजींचा मुक्काम असे, तेथे किंगही राहिले. तेव्हा या अमेरिकन कायद्याच्या वंशावळीत मुंबईतील एका घराची नोंद करणे अप्रस्तुत होणार नाही.

प्रत्यक्ष काम अगदी साधे असते. शाळेच्या सभागृहात लांब मेजे ओळीने मांडतात. एकावर तांदूळ, दुसऱ्यावर घेवड्याचे डबे, तिसऱ्यावर शेंगदाण्याचे लोणी. खोके हातोहात पुढे सरकते आणि शेवटच्या मेजाशी चिकटपट्टी लावून बंद होते. आजीशेजारी नातू उभा असतो, बँकेच्या अधिकाऱ्याशेजारी त्याच बँकेचा पहारेकरी. हे दृश्य मनोहर आहे यात संशय नाही. पण मनोहरतेत एक धोकाही आहे. अमेरिकेत शाळांचा बराचसा खर्च स्थानिक मालमत्ताकरातून निघतो, म्हणून ज्या वस्तीत घरांना किंमत नाही तेथील शाळेचे पोपडे एका सोमवारच्या रंगकामाने झाकले गेले, तरी ते का सुटले हा प्रश्न अनुत्तरितच राहतो. आणि किंग यांनी आयुष्यभर विचारला तो नेमका हाच प्रश्न होता.

मेंफिसला ते गेले ते कशासाठी? १ फेब्रुवारी १९६८ रोजी, भर पावसात, कचरागाडीच्या आडोशाला गेलेले दोन सफाई कामगार तिच्या दाबयंत्रात चिरडले गेले. ११ दिवसांनी सुमारे १३०० कामगारांनी संप पुकारला. आपणही माणूसच आहोत, एवढाच मजकूर त्यांच्या फलकांवर होता. त्या अपघातानंतर तिसऱ्याच दिवशी अटलांटातील आपल्या चर्चमध्ये किंग यांनी श्रोत्यांना सांगितले होते, की माझ्या अंत्यविधीत नोबेल पारितोषिकाचा उल्लेख नको, मी इतरांच्या सेवेत आयुष्य वेचण्याचा यत्न केला एवढेच बोला. ज्याने हे सांगितले तोच दोन महिन्यांनी संपकऱ्यांच्या पाठीशी उभा असताना मारला गेला. म्हणजे सेवा आणि हक्काची मागणी ही दोन खाती त्याने कधी वेगळी ठेवली नव्हती. हत्येनंतर १२ दिवसांनी नगरपालिकेने कामगारांच्या युनियनला मान्यता दिली आणि वेतनवाढ कबूल केली.

म्हणून, या दिवशी काही गावांतून खोक्यांच्या मेजाजवळच मतदारनोंदणीचेही मेज मांडतात, ते मला अधिक मोलाचे वाटते. नुकतेच बिऱ्हाड बदललेल्या तरुणाला अर्जावर कोणता पत्ता लिहावा, आणि मुदत कोणत्या तारखेला संपते, हे सांगत बसणारा स्वयंसेवक छायाचित्रात फारसा येत नाही; पण किंग यांच्याशी त्याचे नाते रंगाचा कुंचला धरणाऱ्याहून जवळचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.