मायसीएलआय : डेटाबेस सर्व्हरसाठी सुलभ कमांड लाइन क्लायंट

प्रस्तावना :
डेटाबेस सर्व्हरमध्ये साठविलेली माहिती पाहण्यासाठी अथवा बदलण्यासाठी वापरकर्त्यास क्लायंट या स्वतंत्र प्रोग्रामची आवश्यकता असते. १९९५ मध्ये प्रथम उपलब्ध झालेल्या मायएसक्यूएल सर्व्हरसोबत त्याच नावाचा कमांड लाइन क्लायंट मिळतो. टॅब कळ दाबून अपुरे नाव पूर्ण करण्याची सोय त्यात आहे. मात्र ती वाक्यातील स्थान विचारात घेत नाही. ही उणीव २०१५ मध्ये आलेला मायसीएलआय हा क्लायंट भरून काढतो.

स्वरूप व कार्य :
मायसीएलआय हे पायथॉन भाषेत लिहिलेले मुक्त सॉफ्टवेअर असून पोस्टग्रेसक्यूएलसाठी असलेल्या पीजीसीएलआयच्या धर्तीवर त्याची रचना झाली आहे. सर्व्हरशी जोडणी होताच तो तेथील तक्त्यांची व स्तंभांची नावे मिळवितो. त्यामुळे 'फ्रॉम' या शब्दानंतर तक्त्यांची, तर 'व्हेअर' नंतर त्या तक्त्यातील स्तंभांची नावे सुचविली जातात. आज्ञेतील शब्द निरनिराळ्या रंगांत दिसतात. वारंवार लागणारी क्वेरी नाव देऊन जतनही करता येते.

सुरक्षितता :
समजा, विद्यार्थ्यांच्या तक्त्यातून हजेरी क्रमांक १२ ची नोंद काढावयाची आहे. 'डिलीट' आज्ञेत 'व्हेअर' ही अट राहून गेली, तर तक्त्यातील सर्वच नोंदी नष्ट होतात. मायएसक्यूएलमध्ये प्रत्येक बदल आपोआप कायम करण्याची पद्धत मुळातच चालू असल्याने नंतर 'रोलबॅक' देऊनही उपयोग होत नाही. 'डिलीट', 'ड्रॉप', 'ट्रंकेट' यांसारख्या आज्ञा पाठविण्यापूर्वी मायसीएलआय वापरकर्त्याची संमती विचारतो.

मर्यादा :
ही सूचना आज्ञेचा प्रकार ओळखते, हेतू नव्हे. १२ ऐवजी २१ लिहून संमती दिल्यास चुकीची नोंद जाणारच. शिवाय, प्रत्येक वेळी 'होय' म्हणण्याची सवय जडली की सूचनेचा धाक उरत नाही. मूळ क्लायंटमधील 'सेफ अपडेट्स' हा पर्याय याहून कठोर आहे. तो निवडल्यास किल्ली-स्तंभावरील अट किंवा 'लिमिट' नसलेली 'डिलीट' अथवा 'अपडेट' आज्ञा सर्व्हर नाकारतो. तथापि चुकीचा क्रमांक त्यासही ओळखता येत नाही. म्हणून 'स्टार्ट ट्रान्झॅक्शन' देऊन बदल करणे, परिणाम तपासणे आणि मगच 'कमिट' करणे हा मार्ग अधिक खात्रीचा होय.

निष्कर्ष :
मायसीएलआयमुळे टंकलेखनाचे श्रम व स्मरणाचा भार कमी होतो, तसेच घाईत होणाऱ्या काही चुका टळतात. तथापि अट योग्य आहे की नाही, हे ठरविण्याची जबाबदारी वापरकर्त्याचीच राहते.