शेताचें पान आणि गोठ्याचें पान

माझा बहुतेक जन्म मुलांना गणित शिकविण्यांत गेला. सेवेंतून निवृत्त झाल्यावर मी पुलगांवजवळच्या आमच्या वडिलोपार्जित ५ एकरांवर राहावयास गेलों, तेव्हां पहिल्यानें एक जाड वही आणली. डाव्या पानावर शेत, उजव्या पानावर गोठा. गोठ्यांत एक बैलजोडी, एक दुभती गाय आणि तिची कालवड, अशीं ४ जनावरें. नागपूरला नोकरी करणारे आमचे चिरंजीव म्हणाले, "बाबा, ट्रॅक्टर भाड्यानें मिळतो, दूध पिशवींत मिळतें. जनावरें विकून टाका." मीं म्हटलें, वर्षभर हिशेब ठेवूं आणि मग ठरवूं. त्या वर्षाचा जमाखर्च आज आपणांपुढें मांडावयाचा आहे.

शेतकऱ्याचें वर्ष अक्षय्य तृतीयेला सुरू होतें, परंतु खरी धांदल मृगाची. पाऊस येण्यापूर्वीं गुरांना घटसर्प आणि फऱ्या या रोगांच्या लशी टोंचून घ्याव्या लागतात. कारण हे रोग पावसाळ्यांत बळावतात आणि धडधाकट जनावर दोनतीन दिवसांत हातचें जातें. मग पेरणी. पहिल्या सरीला भुलून कपाशीचें बीं मातींत घातलें आणि पुढें पावसानें ओढ दिली, म्हणजे दुबार पेरणी कपाळीं येते. आम्हीं जमीन चांगली भिजूं दिली. ३ एकर कपाशी व तिच्यांत तुरीच्या ओळी, १ एकर सोयाबीन व त्यामागून हरभरा, आणि १ एकर ज्वारी.

ज्वारीला शेजाऱ्यांनीं नांवें ठेवलीं. पांखरें कणसें खातात, रानडुकरें ताटें मोडतात, आणि सोयाबीनसारखा रोख पैसा तिच्यांत नाहीं, हें सारें खरें आहे. म्हणूनच आमच्या भागांत सोयाबीन पसरलें आणि ज्वारी हटत गेली. परंतु ज्वारीबरोबर कडबा गेला, आणि कडब्याबरोबर गोठे रिकामे होऊं लागले.

आमचीं जनावरें गवळाऊ जातीचीं. ही जात आर्वीकडची. रंगानें पांढरी किंवा राखी, अंगानें हलकी, चालीला चपळ. दुधाला मात्र बेताची. एका वेतांत ५००–६०० लिटर मिळालें तर समाधान मानावें. गांधीजींच्या प्रेरणेनें १९४१ सालीं वर्धेस गोसेवा संघ निघाला आणि जमनालाल बजाजांनीं आयुष्याचे अखेरचे महिने त्या कामाला दिले, तो हाच मुलूख. याच जिल्ह्यांत हेटीकुंडी येथें गवळाऊ गुरांच्या पैदाशीचें सरकारी क्षेत्र आहे.

नांगरटीला ट्रॅक्टर आम्हींही बोलाविला; त्यांत लाज वाटण्यासारखें कांहीं नाहीं. पण कपाशी गुडघ्याला लागल्यावर दोन ओळींमधून डवरा चालवावयाचा, तर बैलच हवेत. एका डवरणीनें तण निघतें, आणि काळ्या जमिनीच्या भेगा बुजून आंतली ओल टिकते. येथें माझी वही प्रथम अडखळली. पोळ्याला बैलांच्या झुली, घुंगरें आणि पुरणपोळी यांचा खर्च गोठ्याच्या पानावर पडला; डवरणीची कमाई मात्र शेताच्या पानावर गेली!

दसऱ्यापुढें कापूस फुटला. सीतादही करून पहिली वेचणी झाली. २०१७ सालीं गुलाबी बोंडअळीनें विदर्भांत फार नुकसान केलें. तेव्हांपासून कृषितज्ज्ञ बजावून सांगतात, कीं फरदडीचा लोभ धरूं नये. फरदड म्हणजे हंगाम संपल्यावर पाणी देऊन घेतलेला मागाहूनचा कापूस. अळीला त्यांत पुढें आसरा मिळतो. शेवटच्या वेचणीनंतर शेतांत गुरें चरावयास सोडलीं, तर उरलेल्या बोंडांबरोबर आंतल्या अळ्याही जातात. हा लाभ कोणत्या पानावर लिहावयाचा?

शेणाचेंही तसेंच. एक जनावर दिवसाला सुमारें १० किलो शेण देतें. चौघांचें वर्षाला १४ हजार किलोंवर जातें, आणि कुजून त्याचें खत बरेंच कमी भरतें. शंभर किलो शेणखतांत नत्र सुमारें अर्धा किलो, तर तेवढ्याच युरियांत ४६ किलो. नुसतें नत्र मोजलें तर शेणखत हरतें. पण जमिनीची ओल धरण्याची शक्ति शेणखतानें वाढते. युरियानें ती वाढत नाहीं.

आतां माझी चूक सांगतों. एका एकराचा कडबा आणि तूर-हरभऱ्याचें कुटार ३ जनावरांना पुरलें असतें; चौघांना पुरलें नाहीं. चैत्रांतच गंजी संपली आणि चढ्या भावानें कडबा विकत घ्यावा लागला. जितका घरचा चारा तितकींच जनावरें, हा साधा भागाकार गणिताच्या मास्तराला आषाढांतच सुचावयास हवा होता.

अक्षय्य तृतीयेच्या आदल्या रात्रीं बेरजा केल्या. शेतांत थोडी शिल्लक, गोठ्यांत तूट. आमच्या सौभाग्यवतीनें वही पाहिली आणि विचारलें, "अहो, पहांटेची धार मीं काढली, शेण मीं उचललें, कापूसही वेंचला. तें कोणत्या पानावर आहे?" तें कोठेंच नव्हतें. मजुरीनें आलेल्या बायांची वेचणी किलोगणिक लिहिलेली होती. घरच्या बाईची नव्हती. ती लिहिली असती, तर शेताची शिल्लकही नांवापुरतीच उरली असती.

चिरंजीवांना मीं खरें तेंच कळविलें : गोठा रोख नफा देत नाहीं, आणि त्याच्यावांचून शेत जितकें देतें तितकें देणार नाहीं. कालवड चारा मुबलक असलेल्या एका नातलगाला दिली; जोडी आणि गाय राहिलीं. यंदा ज्वारी दीड एकर आहे. नव्या वहींत शेत आणि गोठा एकाच पानावर आहेत, आणि एक रकाना वाढविला आहे. त्याच्या डोक्यावर घरधनिणीचें नांव आहे.