आजोबांची शिकारीची रायफल खरंच लंडनची आहे का? नाव नाही, नळीच्या पोटाखाली बघा

नागपूरहून अमरावतीकडे निघालं की महामार्गावर कारंजा (घाडगे) लागतं. तालुक्याचं गाव, जिल्हा वर्धा. जवळच बोरचं जंगल. ते १९७० मध्ये अभयारण्य झालं आणि २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प. त्याआधी मध्य प्रांतातल्या या सगळ्या पट्ट्यात हाका, मचाण, शिकारी हे रोजचे शब्द होते. साहेब लोक यायचे, मालगुजारांच्या घरी उतरायचे आणि जाताना कधी एखादी बंदूक विकूनही जायचे.

१९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार संपली, पण हत्यारं कुठे जाणार? ती राहिली. कुणाच्या परवान्यावर, कुणाच्या माडीवर. मग वाडा उतरवताना किंवा वाटणी होताना कापडात गुंडाळलेली रायफल निघते. नळीवर इंग्रजी नाव कोरलेलं असतं आणि घरातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर चर्चा सुरू होते : लंडनची आहे म्हणे, लाखोंची असेल.

असेलही. पण सगळ्यात आधी एक गोष्ट. ती भरलेली असू शकते. चाप ओढून बघू नका, घोडा चढवू नका. आणि परवाना तुमच्या नावावर नसेल तर ती गाडीत टाकून कुठे दाखवायलाही नेऊ नका, कारण तोच गुन्हा ठरतो. पोलीस ठाण्याला कळवा आणि तिथे किंवा परवानाधारक बंदूक विक्रेत्याकडे रीतसर जमा करा. शस्त्र कायद्याच्या कलम २१ मध्ये ही सोय आहे. पुढची तपासणी तिथल्या जाणकाराच्या हातून होऊ द्या.

आता ओळख कशी पटवायची ते पाहू.

पहिला घोळ शब्दाचाच. गावात ज्याला सरसकट रायफल म्हणतात ती बरेचदा बारा बोअरची छर्र्याची दुनळी असते. रायफलच्या नळीत आतून पिळाच्या खाचा असतात, छर्र्याच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत. मधला एक प्रकारही आहे. हॉलंड अँड हॉलंडने १८८० च्या दशकात ‘पॅराडॉक्स’ नावाची बंदूक काढली. तिच्या नळीत फक्त तोंडापाशी खाचा, बाकी गुळगुळीत. छर्राही चालतो, गोळीही. आत नीट न बघता साधी दुनळी म्हणून ती कुणी स्वस्तात देऊन टाकली, तर मोठं नुकसान.

खाचांचा पिळही बोलतो. मध्य प्रांतात नोकरी केलेल्या जेम्स फोर्सिथ या अधिकाऱ्याने ‘द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ (१८७१) लिहिण्याआधी शिकारी रायफलींवरच एक पुस्तक लिहिलं होतं. त्याचं म्हणणं असं की जंगलात जवळून मोठं जनावर मारायचं तर गोल गोळी, भरपूर दारू आणि अगदी सावकाश पिळाची नळी हवी. त्या काळातली मोठ्या तोंडाची ठासणीची रायफल, म्हणजे आपल्याकडची भरमार, दिसली तर हे आठवा. खाचा जेमतेम वळलेल्या दिसतात म्हणून ती बिघडलेली नसते.

मग नळीवरचं नाव? खरं सांगायचं तर ते सगळ्यात कमी भरवशाचं. वेस्टली रिचर्ड्स, रिग्बी, हॉलंड ही खरी मोठी नावं. पण ‘आर्मी अँड नेव्ही’ लिहिलं असेल तर ते दुकानाचं नाव आहे. मुंबईत काळा घोड्याला त्यांची इमारत अजून उभी आहे. हे लोक दुसऱ्या कारागिरांकडून बनवून घेऊन स्वतःच्या नावाने विकायचे. ‘मँटन, कलकत्ता’ बघून लंडनच्या जोसेफ मँटनशी थेट नातं जोडू नका. तो १८३५ मध्येच वारला. कलकत्त्याचं दुकान त्यानंतर कितीतरी वर्षं चाललं आणि तिथला बराच माल इंग्लंडातून तयार होऊन यायचा. कलकत्त्याचीच रॉडा कंपनी तर वेगळ्याच कारणाने इतिहासात आहे : १९१४ च्या ऑगस्टमध्ये क्रांतिकारकांनी तिची ५० माउझर पिस्तुलं पळवली होती.

आणि नकला. सरहद्दीवरचं दर्रा आदमखेल पिढ्यान्‌पिढ्या विलायती बंदुकांच्या नकलांसाठी प्रसिद्ध आहे. कोरीव नावात स्पेलिंग चुकलेलं, एखादं अक्षर उलटं, शिक्के वेडेवाकडे दिसले तर सावध व्हा.

खरी जन्मपत्रिका नळीच्या पोटाखाली असते. जाणकार दस्त्याचा पुढचा लाकडी भाग काढून नळ्या वेगळ्या करतो, तेव्हा खाली बारीक शिक्के दिसतात. ब्रिटनमध्ये जास्त दारूचा बार काढून नळी टिकते का, हे तपासल्याशिवाय बंदूक विकता येत नसे. ही तपासणी लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसमध्ये व्हायची. १९०४ पूर्वीच्या बर्मिंगहॅमच्या शिक्क्यात मुकुटाखाली एकमेकांवर ठेवलेले दोन राजदंड दिसतात. लंडनच्या शिक्क्यात मुकुटाखाली ‘जीपी’ आणि ‘व्ही’ ही अक्षरं. ‘नायट्रो प्रूफ’ हे शब्द १८९६ नंतरचे. ते नसतील आणि नळीच्या पोलादावर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी असेल, तर ती नळी जुन्या काळ्या दारूसाठीची आहे. तिच्यात आजचं काडतूस घातलं तर नळी फुटू शकते, हातासकट. म्हणून ‘एकदा उडवून बघू’ हा मोह नकोच.

मोठ्या रायफलींवर दारूचं मापही कोरलेलं असतं. उदाहरणार्थ, .४७० च्या रायफलवर कॉर्डाइट ७५ आणि गोळी ५०० असे आकडे दिसतात. ही वजनं ग्रेनमध्ये आहेत. ५०० ग्रेन म्हणजे साधारण ३२ ग्रॅमची एक गोळी.

या .४७० ची गोष्ट भारतातच सुरू होते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी वाघ, रानगवा, हत्ती यांच्यासाठी .४५० ची दुनळी रायफल लोकप्रिय होती. पण त्याच मापाची गोळी लष्कराच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलमध्ये चालायची आणि अशा रायफली बंडखोरांच्या हाती पडल्या होत्या. सरकारला धास्ती वाटली की शिकारीच्या नावाखाली आलेला दारूगोळा तिकडे जाईल. मग भारतात .४५० वर बंदी आली. भारताचं गिऱ्हाईक गमावणं लंडनच्या कारागिरांना परवडणारं नव्हतं. १९०७ च्या सुमारास त्यांनी नवीनच मापं काढली : हॉलंडचं .४६५, जोसेफ लँगचं .४७०.

म्हणजे घरची रायफल .४५० ची असेल तर ती बहुधा बंदीआधीची. आणि नळीखाली .४७० असेल, तर ‘पणजोबांना १८९८ साली साहेबाने दिली’ ही घरातली गोष्ट कितीही रंगतदार असली तरी जुळत नाही.

गोष्टीला किंमत असते, पण पुरावा हवा. जिम कॉर्बेटची .२७५ रिग्बी बघा. साधी, एका नळीची, खटक्याची रायफल. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल १९०७ मध्ये ती त्याला भेट मिळाली. दस्त्यावर तसं लिहिलेली चांदीची पट्टी आहे, म्हणून ती आज अनमोल आहे. आपल्याकडच्या रायफलच्या दस्त्यावरही आद्याक्षरं, छोटी पट्टी, पेटीच्या आत चिकटवलेला दुकानाच्या पत्त्याचा कागद असू शकतो. पत्त्यावरून काळ कळतो, कारण दुकानं जागा बदलत. रिग्बी आधी सेंट जेम्स स्ट्रीटवर होतं, नंतर सॅकव्हिल स्ट्रीटवर. पेटी वाळवीने खाल्ली म्हणून फेकून देऊ नका. आणि गंज काढायला पॉलिश पेपर तर मुळीच नको. कोरीवकाम एकदा पुसट झालं की किंमत गेली, आणि परत कोरून घेतलं तर आणखी गेली.

‘शंभर वर्षांची आहे, म्हणजे अँटिक, परवाना कशाला?’ हा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज. कायद्यात सूट आहे ती फक्त अशा जुनाट किंवा निकामी हत्याराला जे वापरायचा हेतू नाही आणि दुरुस्त करूनही वापरता येणार नाही. गोळी झाडू शकणारी रायफल कितीही जुनी असो, परवाना लागतोच. परवानाधारक वारला तर वारसाला अर्ज करता येतो. पण २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीकडे दोनच अग्निशस्त्रं राहू शकतात, वारसाहक्काची धरूनही. आजोबांच्या परवान्यावर तीन असतील तर त्यातली कोणती सोडायची, हा प्रश्न इथे येतो. न ओळखता सोडली आणि मुदतीत कुणी दावा केला नाही, तर ती सरकारजमा होते.

किमतीचंही तसंच. लंडनच्या लिलावातले आकडे इंटरनेटवर दिसतात, पण शंभर वर्षांवरची अशी वस्तू पुरावशेष कायद्यात येऊ शकते आणि ती खासगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही. इथे गिऱ्हाईक म्हणजे परवाना असलेला माणूसच. त्यामुळे इथली किंमत तिथल्यापेक्षा खूप कमी निघते.

ओळख मात्र पत्राने पक्की होऊ शकते. नळीखालचा क्रमांक आणि शिक्क्यांचे फोटो जाणकाराकडून घ्या. हॉलंड, रिग्बी, वेस्टली रिचर्ड्स यांच्या जुन्या वह्या शिल्लक आहेत आणि आर्मी अँड नेव्हीच्या ग्लासगो विद्यापीठात. क्रमांक सापडला तर रायफल कोणत्या वर्षी, कोणत्या मापाची बनली आणि पहिल्यांदा कुणाच्या नावावर गेली, ते कळू शकतं.