मालमोटारीची पेटी आगगाडीवर

भाटघरचा तांदूळ रेल्वेने दूरच्या पेठेत धाडावयाचा, तर पोती मालमोटारीतून वाघिणीत व वाघिणीतून पुन्हा मोटारीत चढवावी लागतात. दर खेपेस हमालाचा आकडा पोत्यात शिरतो. दाणा सांडतो, हमाली वाढते. यावर उपाय म्हणजे पोलादी पेटी, अर्थात कंटेनर. वाहतूकदार ती गावातच भरून मोहोरबंद करतो. स्थानकावर यारी सबंध पेटीच उचलून वाघिणीवर ठेवते. कोकण रेल्वेने तर 1999 पासून भरलेल्या मालमोटारीच कोलाडहून गोव्यातील वेर्ण्यापर्यंत गाडीवर चढवून नेल्या. मात्र 20 फुटी पेटीत सुमारे 20 टन तांदूळ मावतो. एकट्या शेतकऱ्याच्या पिकाने ती भरणे कठीण. यास्तव ग्रामसेवकांनी प्रथम सोसायटीमार्फत माल एकत्र करवावा. भोरला रेल्वे नाही. तेव्हा भाडे ठरविताना स्थानकापर्यंतचा मोटारखर्चही हिशेबात धरावा.