सुरक्षा-झडपेचे आकारमान आणि तिची प्रवेशनलिका

रासायनिक कारखान्यातील दाबपात्रावर बसविलेली सुरक्षा-झडप बहुधा वर्षानुवर्षे मिटलेलीच असते. तिच्या निवडीत काही चूक राहिली असल्यास ती ऐन संकटाच्या वेळीच उघडकीस येते. अशा चुकांपैकी एक तर सावधगिरीच्या पोटीच जन्म घेते. झडप जितकी मोठी तितकी सुरक्षितता अधिक, ही ती समजूत होय. प्रवेशनलिका, म्हणजे पात्रापासून झडपेपर्यंतची नळी, विचारात घेताच ही समजूत डळमळू लागते.

समजा, झडप १,००० किलोपास्कल या दाबास (वातावरणीय दाबाहून अधिक) उघडावयाची आहे आणि ताशी ५,४०० किलोग्रॅम संपृक्त वाफ तिच्यावाटे बाहेर जाणे आवश्यक आहे. १० टक्के अतिदाब धरला असता निरपेक्ष दाब १,२०१ किलोपास्कल होतो. विसर्गगुणांक ०.९७५ मानून नेपियरच्या सूत्राने रंध्राचे क्षेत्रफळ सुमारे ८७९ चौरस मिलिमीटर येते. परंतु रंध्रे हव्या त्या मापाची मिळत नाहीत. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या प्रमाणित मालिकेत 'जे' रंध्र ८३० चौरस मिलिमीटरांचे, तर त्यापुढील 'के' एकदम १,१८६ चे आहे. साहजिकच 'के' घ्यावे लागते, आणि त्यातून ताशी सुमारे ७,२९० किलोग्रॅम वाफ जाऊ शकते.

येथवरचे गणित सहसा बिनचूक होते. घोटाळा होतो तो पुढे, नळीतील दाबघट ५,४०० किलोग्रॅमवर काढण्यात. कारखान्याची गरज किती, हे झडपेस ठाऊक नसते. वाफेवरील स्प्रिंगची झडप उघडते ती झटक्याने, आणि तिच्या अंगच्या क्षमतेइतकी वाफ ओढू लागते. नळी ३ इंची, पात्रापाशी तीक्ष्ण कडेचे तोंड, दोन एल्बो आणि ६ मीटर सरळ लांबी असेल, तर एकूण विरोध वेगदाबाच्या अडीचपट भरतो. आवश्यक प्रवाहास त्यामुळे होणारी घट सुमारे २० किलोपास्कल, म्हणजे २ टक्के. प्रवाह १.३५ पट झाला की घट त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढून ३.६ टक्क्यांवर जाते. उपर्युक्त संस्थेच्या नियमावलीतील ३ टक्क्यांची परिचित मर्यादा अशा रीतीने नकळत ओलांडली जाते.

या मर्यादेमागील कारण झडपेच्या मिटण्यात आहे. झडप उघडण्याच्या दाबाहून काहीशा कमी, उदाहरणार्थ ७ टक्के कमी, दाबास मिटते. प्रवाह सुरू होताच झडपेच्या तोंडाशी दाब घटतो. ही घट त्या फरकाइतकी झाली, तर पात्रातील दाब चढलेला असतानाही झडप मिटते. मिटताच प्रवाह थांबतो, तोंडाशी पूर्ण दाब पोचतो व ती पुन्हा उघडते. सेकंदात अनेकवार होणाऱ्या या फडफडीने बैठक चेचली जाते, बोल्ट सैल पडतात, आणि बाहेर जाणारी वाफ अपेक्षेहून पुष्कळच कमी भरते. मोठी झडप अशा वेळी लहान झडपेचेही काम करीत नाही.

उपाय अवघड नाहीत. झडप पात्रालगत आणावी, तोंडाची कड गोलावावी. ते न जमल्यास नळी ४ इंची घ्यावी, म्हणजे घट सव्वा टक्क्याच्या आसपास येते. आराखड्यावर या दुरुस्तीस रेघच पुसावी लागते, पण उभारणी झाल्यावर संपूर्ण संयंत्र बंद ठेवावे लागते.

तथापि केवळ घर्षणाचा हिशेब पुरेसा मानू नये. झडप उघडताच निर्माण होणारी अल्पदाबाची लहर पात्रापर्यंत जाऊन परत यावी लागते. वाफेत तिचा वेग सेकंदाला सुमारे ५०० मीटर. ६ मीटरांच्या नळीत या येण्याजाण्यास सेकंदाचा सुमारे चाळिसावा भाग लागतो. झडप तितक्यातच पूर्ण उघडली, तर तिला पात्राकडून वेळेवर आधार मिळत नाही, आणि घर्षण नगण्य असूनही ती फडफडू शकते. नियमावलीच्या अलीकडील आवृत्त्यांत सविस्तर विश्लेषणाच्या आधारे ३ टक्क्यांहून अधिक घट मान्य करण्याची मुभा आहे. त्या विश्लेषणात या लहरीचाही हिशेब मांडावा लागतो.