कामावर सायकलने कोण जाते?

बुलढाणा जिल्ह्याचे लोकच दोन भाग पाडतात, घाटावरचा आणि घाटाखालचा. घाटाखाली पूर्णेचे सपाट खोरे, घाटावर चढउतारांचे पठार. मेहकरहून मालेगावकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे डोणगाव घाटावरचे. रोज सायकलने कामाला जावे की नाही, या प्रश्नाचे निम्मे उत्तर या भूगोलात आहे आणि उरलेले माणसाच्या खिशात व घड्याळात. पर्यावरणाचा विचार फार मागे असतो.

आधी भूगोल. माणूस आणि सायकल मिळून ८० किलो धरले, तर सपाट डांबरी रस्त्यावर ताशी १५ किलोमीटर वेगाने जायला साधारण ६० वॅट शक्ती लागते. म्हणजे घरातल्या जुन्या पिवळ्या बल्बाएवढी. चालण्याच्या तिप्पट वेग मिळतो आणि दमछाक जवळपास तेवढीच. पण रस्ता शंभर मीटरला तीन मीटर चढू लागला की त्याच वेगासाठी आणखी सुमारे १०० वॅट लागतात. गिअर नसलेल्या साध्या सायकलीवर मग उतरून हातात धरून चालण्यावाचून गत्यंतर नसते. शहरातले हौशी सायकलस्वार एकवीस गिअरच्या सायकली घेतात. ज्याला रोज चढ चढायचा आहे त्याच्याकडे मात्र एकच गिअर असतो.

तरीही लोक सायकल का घेतात? डेन्मार्कमधील कोपनहेगनची नगरपालिका दर काही वर्षांनी आपल्या सायकलस्वारांना हेच विचारते. तिथे सर्वांत जास्त लोक देत आलेले उत्तर अगदी साधे आहे: लवकर पोचतो आणि सोपे पडते. पैसा, व्यायाम, पर्यावरण ही कारणे त्यानंतरची. आपल्याकडचे उत्तरही याहून फार निराळे नसावे. एसटी ठराविक वेळेला येते, ठराविक फाट्यावर थांबते. शेत मात्र फाट्यावर नसते. पाणंदीतून आत जायचे, येताना गवताचा भारा किंवा दुधाची कॅन आणायची, तर सायकल दारापासून बांधापर्यंत नेते. पावसाळ्यात काळी माती मडगार्डात अडकून चाक फिरेनासे होते, तेव्हा तीच सायकल ओझे होते. म्हणून सायकलीचा हंगाम दिवाळीनंतर खरा सुरू होतो.

खर्चाचा हिशेब सोपा आहे. काम आठ किलोमीटरवर असेल तर महिन्याच्या २५ दिवसांत ४०० किलोमीटर होतात. लिटरला ५० किलोमीटर देणारी मोटारसायकल आठ लिटर पेट्रोल पिते. शंभरी ओलांडलेल्या दराने आठशेच्या वर रुपये. मजुराची दोन ते चार दिवसांची कमाई केवळ कामावर पोचण्यात जाते. तरीही हाती चार पैसे आले की माणूस आधी मोटारसायकलच घेतो, आणि त्याला दोष देण्यात अर्थ नाही. देशात सायकल असलेली घरे २००१ ते २०११ या दशकात सुमारे ४४ वरून ४५ टक्क्यांवर गेली, दुचाकी असलेली १२ वरून २१ टक्क्यांवर. सायकल घरात राहिली, पण तिच्या शेजारी दुसरी गाडी आली.

कामाला जाताना तिचा उपयोग किती होतो, हे २०११च्या जनगणनेने विचारले. उत्तर आले, सुमारे १३ टक्के. पण या तक्त्यांत शेतकरी नाहीत, शेतमजूर नाहीत, घरगुती उद्योगातले कामगारही नाहीत. उरलेल्या ‘इतर कामगारां’चाच प्रवास त्यात आहे. डोणगावसारख्या शेतीवर उभ्या गावात पहाटे सायकल काढणारा माणूस बहुधा याच वगळलेल्यांपैकी असतो. जो मोजला गेला नाही, त्याच्यासाठी रस्त्याची कड कोण राखणार? याच मेहकर तालुक्यातून समृद्धी महामार्ग जातो. ७०१ किलोमीटरच्या त्या रस्त्यावर मोटारसायकलीलाही मनाई आहे, सायकलीची तर गोष्टच सोडा. द्रुतगती मार्गावर ते रास्तच. पण गावच्या रस्त्यालाही सायकलीपुरती पक्की बाजूपट्टी नसावी, हे रास्त नाही.

आणि बायका? राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात. बिहारने २००६मध्ये अशीच योजना केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांच्या अभ्यासात माध्यमिक शाळेतली मुलींची नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढलेली आढळली, आणि ही वाढ मुख्यतः शाळा तीन किलोमीटरहून लांब असलेल्या गावांत होती. म्हणजे अंतर हीच अडचण होती आणि सायकलीने ती दूर केली. पण बारावी झाली की ती सायकल सहसा धाकट्या भावाकडे जाते. हीच मुलगी पुढे निंदणी-वेचणीला जाते तेव्हा दाटीवाटीने भरलेल्या ऑटोत बसून, मुकादम म्हणेल त्या वेळी. सायकल चालवता येत नाही म्हणून नव्हे. लग्न झालेल्या बाईने साडी नेसून सायकलवर बसलेले सासरी चालत नाही म्हणून.