टर्फ घालताय? आधी पाया बघा

पुणे, नाशिक, कोल्हापूर, कुठल्याही शहराच्या कडेला गेलात तरी रात्री झगझगीत दिव्यांखाली बॉक्स क्रिकेट चालू असलेलं भाड्याचं टर्फ, म्हणजे कृत्रिम गवताचं मैदान, दिसतंच. साहजिकच, बंगल्यामागे किंवा फार्महाउसवर थोडी मोकळी जागा असलेल्यांना वाटू लागतं, आपलंच एक टर्फ का नको? विचारात काही वावगं नाही. घोटाळा होतो तो पुढच्या वाक्यात: ‘त्यात काय, सतरंजीसारखं अंथरायचं!’

अंथरणं हे शेवटचं आणि सर्वांत सोपं काम. त्याआधी वरची माती काढायची, मुरूम आणि खडीचे थर टाकून, पाणी मारून ते रोलरने दाबायचे आणि वर बारीक कच पसरून पातळी साधायची. दाबून झाल्यावर हा पाया साधारण १०० ते १५० मिलिमीटर जाड हवा. काळ्या मातीत आणखी खोल जावं लागतं, कारण ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट खडी टाकली की खडी हळूहळू चिखलात रुतते, म्हणून मध्ये जिओटेक्स्टाइल कापड घालतात. बऱ्याच बंगल्यांच्या मागच्या बाजूला बांधकामाचा राडारोडा पुरलेला असतो. तो न उपसता वर टर्फ घातलं तर एक-दोन पावसाळ्यांत खेळपट्टीला खळगे पडतात. आणि सेप्टिक टँकचं झाकण किंवा ड्रेनेजचं चेंबर कुठे आहे ते आधी शोधा. त्यावर टर्फ चिकटवून टाकलं तर पहिल्याच तुंबण्याला ते कापावं लागेल.

‘टर्फला भोकं असतात, पाणी आपोआप जातं,’ असंही सांगितलं जातं. भोकं असतात हे खरं. पण त्यातून गेलेलं पाणी पुढे कुठे जाणार, हे खालचा थर ठरवतो. १०० चौरस मीटर जागेवर ५० मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे ५,००० लिटर पाणी झालं, आणि कोकणात एवढा पाऊस ही काही बातमी नाही. खाली सिमेंटचा कोबा असेल तर हे पाणी टर्फच्या पाठीला लागून तसंच साचून राहतं. ते वाहून जायला एक टक्का उतार पुरतो: २० मीटर लांबीला २० सेंटीमीटर. खेळताना तो जाणवतसुद्धा नाही. फक्त तो घराच्या जोत्याकडे नको आणि शेजाऱ्याच्या भिंतीकडेही नको.

नमुने बघायला गेलं की हात आपोआप उंच, मऊ गवताकडे जातो. ते शोभेच्या लॉनचं असतं, त्यावर चेंडू अडतो. फुटबॉलसाठी ४० ते ६० मिलिमीटरचं पातं लागतं, आणि ते वाळू व रबराच्या दाण्यांच्या भरावामुळेच उभं राहतं. टेनिस आणि पॅडेलला १० ते १५ मिलिमीटरचं, वाळू भरलेलं टर्फ चालतं. क्रिकेटची पट्टीही अशीच आखूड पात्याची असते. बास्केटबॉल आणि पिकलबॉल मात्र टर्फवर खेळूच नयेत, चेंडू नीट उसळत नाही. त्यांना कडक अ‍ॅक्रिलिक पृष्ठभागच हवा. म्हणजे ‘एकाच टर्फवर सगळे खेळ’ ही विक्रेत्याची सोय झाली, खेळाडूची नव्हे. जागाही मोजून घ्या. बॅडमिंटनचं कोर्ट १३.४० बाय ६.१० मीटरमध्ये बसतं, क्रिकेटची नुसती खेळपट्टी २०.१२ मीटर लांब असते आणि धावत येणारा बोलर त्याच्या मागे.

सर्वांत महागात पडणारा गैरसमज उन्हाबद्दल आहे. हिरवं म्हणजे थंड, असं डोळे सांगतात. खरं गवत पानांतून पाणी सोडत स्वतःला थंड ठेवतं, प्लास्टिकला ते जमत नाही. अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठात २००२ साली केलेल्या मोजणीत तापलेल्या टर्फवर पाणी मारून पाहिलं होतं. पृष्ठभागाचं तापमान सुमारे ७९ अंश सेल्सिअसवरून २९ वर उतरलं. पाचच मिनिटांत ते ४९ वर गेलं आणि वीस मिनिटांनी ७३ वर. त्याच अभ्यासात टर्फ डांबरी रस्त्यापेक्षाही जास्त तापलेलं आढळलं. तेव्हा ‘पाणी मारलं की झालं’ हा तोडगा फार तर एका डावापुरता. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये दुपारचं टर्फ मोकळंच राहणार हे धरून चाला, लहान मुलांना अनवाणी तर सोडूच नका. सकाळ-संध्याकाळ खेळणार असाल तर तक्रारीला जागा नाही.

आता पर्यावरण. रोजचं पाणी आणि कापणी वाचते, हे टर्फच्या बाजूचं. पण ते प्लास्टिक आहे आणि त्याचे कण झिजून आसपास जातात. भरावाच्या रबरी दाण्यांमुळे होणारं सूक्ष्म प्लास्टिकचं प्रदूषण लक्षात घेऊन युरोपीय संघाने २०२३ साली नियम केला. त्यानुसार २०३१ पासून असे दाणे तिथे विकता येणार नाहीत. घरच्या छोट्या कोर्टाला वाळूचा भराव पुरत असेल तर रबर टाळलेलंच बरं.

देखभाल शून्य असते, हेही खोटं. पाला काढावा लागतो, आडवी झालेली पाती ब्रशने उलट दिशेला उभी करावी लागतात आणि जिथे पाय जास्त फिरतात तिथे भराव पुन्हा घालावा लागतो. दमट सावलीत शेवाळ धरतं. एवढं सगळं केलं तर आठ-दहा वर्षं निघतात.

खरं गवत जिथे जगत नाही तिथे टर्फ शोभतं. १९६६ साली अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या अ‍ॅस्ट्रोडोम या बंदिस्त स्टेडियममध्ये ते आलं तेही याच कारणाने: छताची पारदर्शक तावदानं रंगवली आणि उन्हाअभावी आतलं गवत मेलं. तुमच्याकडे ऊन, पाणी आणि माती तिन्ही असतील तर हरळीचा विचार आधी करा, असं मी म्हणेन.

‘जागा माझी, खेळही माझा’ हा समज शेजारी मोडतोच, कायदाही मोडतो. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळात आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. उंच खांब, जाळी किंवा छप्पर घालायचं असेल तर आधी नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत चौकशी करा.

दरपत्रक हातात आलं की त्यात चार गोष्टी लिहून मागा: पायाची जाडी, उताराची दिशा, चौरस मीटरला किती किलो भराव आणि सांधे उकलले तर जबाबदारी कोणाची. नुसता गवताचा चौरस फुटाचा दर सांगणाऱ्याला चहा पाजा आणि निरोप द्या.